नावेच्या टोकाला बसवलेला नायक

आमच्या पार्कातल्या झुलत्या नावेला पहिली आठ वर्षं चेहरा नव्हता की गोष्ट नव्हती. हिरवा रंग दिलेली लोखंडी नाव, समोरासमोर बाकं, मांडीवर येणारी दांडी. नाव वर जायची, क्षणभर थांबायची, आणि खाली येताना पोटात जो खड्डा पडायचा त्यासाठी लोक उन्हात रांग लावायचे. ही नाव कुठं निघाली, मी हिच्यात कोण आणि माझा शत्रू कोण, असं कुणी कधी येऊन विचारलं नाही.

मी तिथं देखभालीची इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, आणि हे मी लाजत वगैरे सांगत नाही. अप्पा नांदेडकडच्या खेड्यातून राज्याच्या हद्दीपलीकडच्या या शहरात, अंबरपेठेत आले आणि पिठाच्या गिरणीवर त्यांनी जन्म काढला. कोठी बाजाराच्या फुटपाथवरून आणलेली जुनी पुस्तकं मी गिरणीच्या माळ्यावर बसून वाचली. अजून एखादं उघडलं तर पानांतून पीठ पडतं. कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून अप्पांनी अंगठा उठवला तेव्हा खिडकीतला कारकून शेजारच्याकडं बघून हसला. ते हसू मी विसरले नाही. तेव्हापासून मी सही भरकन करत नाही. पूर्ण नाव लिहिते, कुणालाही वाचता येईल असं.

पार्कात त्या सहीला किंमत होती. रोज सकाळी गेट उघडायच्या आधी प्रत्येक खेळाची रिकामी फेरी व्हायची, ती माझ्या डोळ्यांदेखत नीट झाली की मी वहीत सही करायची. सही नाही तर रांग नाही.

मग शहरातल्याच हिमायतनगरच्या मोठ्या ऑफिसातून मार्केटिंगचा साहेब आला. माझ्याहून बराच लहान. आपल्यातलाच, तीन पिढ्या वकिली आणि सरकारी नोकरी केलेल्या जुन्या मराठी घरातला. मराठी बोलायचा, वाचायला दिली की घाम फुटायचा. काम असलं की मला ताई म्हणायचा, नसलं की मॅडम.

"मॅडम, ही नाव म्हणजे नुसतं लोखंड आहे. हिच्यात इमोशन कुठंय?"

"पोटात," मी म्हटलं.

"तसं नाही हो. पब्लिकला कनेक्ट पाहिजे. नवा पिक्चर येतोय, त्यात हीरोचं जहाज आहे. आपण नावेच्या टोकाला हीरो बसवू. छातीपर्यंत. फायबरचा."

"वजन किती?"

"कशाचं?"

"हीरोचं."

त्यानं फोन लावून विचारलं. आतल्या लोखंडी सांगाड्यासकट दोनशे दहा किलो.

"मग दुसऱ्या टोकालाही दोनशे दहा किलोचं काहीतरी लागेल. नाहीतर नाव एकीकडं ओढेल."

तो खुर्चीतून उठलाच. "ताई, सुपर! तिकडं व्हिलन बसवू!"

आमचा खलनायक असा जन्माला आला. नाव तोलायला दगड हवा होता, त्याला मिशा काढल्या.

पिक्चर लागायच्या आठवडाभर आधी दोघांना क्रेननं चढवलं. नायकाची छाती पाण्याच्या टाकीएवढी, केस वाऱ्यावर, आणि बारा महिने दिवसातून शंभरदा झुलणाऱ्या वस्तूवर केस वाऱ्यावर कशाला काढायचे हे मला आजवर कळलेलं नाही. कर्ण्यांतून पिक्चरचं गाणं सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी नाव चालवणारे मियाँ कपाळ पुसत माझ्याकडं आले. पाळणे चालवण्यात त्यांचे केस पांढरे झालेले.

"मॅडम, विलन के बाजू कोई बैठताच नै. आधी नाव खाली, आधी में मारामारी."

मी जाऊन पाहिलं. शिकलेसवरलेले आईबाप नायकाच्या बाजूच्या बाकासाठी एकमेकांच्या अंगावर येत होते. "ही सीट आम्ही आधी धरलीय!" अरे, धरून काय करणार? दोन्ही टोकं सारखीच वर जातात, दोन्हीकडं पोटात तोच खड्डा पडतो. हे कुठल्याही लहान पोराला एका फेरीत कळतं. पण नायकाशेजारी बसलेल्यांना तेही कळत नव्हतं, कारण नाव वर गेली की ते नायकाकडं पाठ करून फोनमध्ये बघत दात काढायचे. ओरडायचंसुद्धा विसरायचे. आठ वर्षं मी त्या नावेतला आरडाओरडा ऐकला होता, खरा, पोटातून आलेला. आता वरून फक्त गाणं यायचं. यांना झुलायचं नव्हतंच. मोठ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसल्याचा पुरावा हवा होता, तोही फायबरच्या खांद्याचा.

तोल राखायला मियाँनी शेवटी माणसं अर्धी अर्धी मोजून बसवायला सुरुवात केली. खलनायकाकडं पाठवलेली माणसं शिक्षा झाल्यासारखी जायची.

पिक्चर लागला त्या दिवशी सजवलेल्या नावेचं रीतसर उद्घाटन होतं. कॅमेऱ्यात गर्दी दिसावी म्हणून आमच्या घरच्यांनाही पास दिले होते. अप्पा माझ्याबरोबरच आले, धुतलेलं धोतर नेसून. आठ वर्षांत ते एकदाही नावेत बसले नव्हते. "तू सही केलेली नाव बघायचीय," एवढंच म्हणाले.

आम्ही पोचलो तर नावेखाली पांढरं तळं. नायकाचे भक्त पहाटेच आले होते. पिक्चर लागला की कटआउटवर दूध ओतायचं ही आमच्या शहरातली रीत. थिएटरसमोर ओततात ते ओतोत. इथं त्यांनी शिडी लावून नायकाच्या डोक्यावर कॅनच्या कॅन रिकामे केले होते. वॉचमननं अडवलं नाही, कारण साहेबानं स्वतः सांगितलं होतं, व्हिडिओ छान येईल. दूध नायकाच्या केसांवरून छातीवर, छातीवरून नावेच्या बुडाला आणि बुडावरून खाली टायरवर गेलं होतं.

तो टायरच सगळं करतो. जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला असतो, फिरता फिरता नावेच्या बुडाला घासतो आणि तिला ढकलतो. थांबवायची असली की तोच बुडाला दाबून धरतो. पावसाचं पाणी असलं तर आम्ही फडक्यानं पुसतो. दुधात साय असते.

मी रिकामी फेरी लावायला सांगितली. रोज ब्रेक दाबल्यावर नाव चौथ्या झोक्याला उभी राहते. त्या दिवशी चौथा गेला, सहावा गेला, नाव आपली झुलतेय. अकराव्याला थांबली. आत माणसं असती तर फेरी संपल्याची घंटा ऐकून निम्मी जणं झुलत्या नावेतच दांडी उचलून उभी राहिली असती, पोरं आधी.

मियाँ हळूच म्हणाले, "आज नक्को मॅडम."

मी वही मिटली.

साहेब पळत आला. मागं पाहुणे, कॅमेरे, रांगेत दोनशे तरी माणसं, निम्मी पोरं.

"ताई, प्लीज. एकच फेरी. हळू चालवू."

"हळू चालवली तरी थांबणार नाही."

"मग सही तर करा, पाहुणे बसून फोटो काढतील, चालवणारच नाही."

"सही म्हणजे चालवायला परवानगी. तुम्हाला वहीचा मथळा वाचून दाखवू?"

त्याचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून म्हणाला, "वरून विचारणा होईल, मॅडम. तुमच्या नोकरीवर येईल." मी वही काखेत मारली तसा तो रांगेतल्या अप्पांकडं वळला. हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना. एका सहीचा प्रश्न आहे."

अप्पांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. ते वाकून टायरकडं बघत होते. गिरणीच्या पट्ट्याला तेल लागलं की तो कसा घसरतो हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. सावकाश उभे राहिले.

"मला सही येत नाही, साहेब," ते म्हणाले. "आली असती तरी केली नसती."

भक्तांनी मला शिव्या दिल्या, मग त्यांना आठवलं की पिक्चरचा पहिला खेळ चुकेल, आणि ते जसे आले तसे गेले. ज्याच्यासाठी जीव टाकायला निघाले होते त्याला आंबट वासात सोडून.

आम्ही गरम पाणी आणि साबणानं बूड तीनदा धुतलं, टायर बदलला. वाळूच्या गोण्या भरून फेऱ्या केल्या. दुपारी चारला नाव चौथ्या झोक्याला उभी राहिली, तेव्हा मी सही केली. पाहुणे कधीच गेले होते. मला लेखी समज मिळाली, ती अजून माझ्याकडं आहे. पिक्चर पंधरा दिवसांत उतरला. नायकाच्या कानामागं माशा घोंगावायच्या त्या पिक्चरहून जास्त टिकल्या. आता म्हणे नव्या पिक्चरच्या नायकाचं डोकं त्याच धडावर बसवायचंय. मी ऑफिसला विचारलंय, वजन किती.

त्या दिवशी चारच्या फेरीला रांगेत पंधरावीस माणसंच उरली होती आणि सगळी नायकाकडं धावली. अप्पा न सांगता दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मियाँनी निम्म्यांना उठवून त्यांच्या बाजूला पाठवलं. नाव वर गेली, क्षणभर थांबली, खाली आली, आणि गाण्याच्या वरताण अप्पांची आरोळी मला खाली ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली मी ती.

उतरल्यावर धोतर सावरत त्यांनी मागं बोट दाखवलं. "हा मिशावाला कोण गं?"

"वजन आहे, अप्पा. दोनशे दहा किलो."

"आणि तो पलीकडचा?"

"तोही तेवढाच."

अप्पांनी मान हलवली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.