मुलाखतीआधी पोचलेली पेटी

आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात दर रविवारी खोट्या मुलाखती चालायच्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन असलेले शेजारचे काका मुलाखत घेणारे साहेब व्हायचे आणि आम्ही डिप्लोमावाले उमेदवार. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. हात टेबलावर टेकवायचे नाहीत. वशिल्याविरुद्धची आमची पत्रकंही काकाच तपासायचे. ‘गुणवत्तेला दार उघडा’ हे वाक्य त्यांचंच. मी ते अर्ध्या नाशिकच्या भिंतींवर चिकटवलं होतं.

काकांच्याच कारखान्यातून मला बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी लेथ मशीनवरचे काही प्रश्न विचारले, मी धडाधड उत्तरं दिली. फाइल मिटत ते म्हणाले, "सोमवारपासून या. आणि काकांना सांगा, द्राक्षं गोड होती."

"कुठली द्राक्षं, सर?"

"दिंडोरीची. घरी पेटी आणून दिली ना त्यांनी."

मी खुर्चीतून उठायचंच विसरलो. माझी गुणवत्ता तपासणारा हा साहेब लाचेची द्राक्षं खाऊन बसला होता. आणि ती पोचवणारे आमचे काका!

शिफ्ट सुटल्यावर काकांना गेटबाहेर गाठलं.

"तुम्ही साहेबाच्या घरी पेटी दिलीत?"

"दिली."

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? मी लागलेलोच आहे की."

"आणि आपली आधी लागलेली पोरं?"

"कधी द्राक्षं, कधी सीताफळं. बाजारात जे असेल ते."

"ती पोरं हुशार नव्हती?"

"होती की. हुशार पोरासाठीच पेटी नेतो मी. ढ पोरासाठी नेली तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील?"

"मग ती पत्रकं कशाला काढायची?"

"पेटी न्यायला लागू नये म्हणून," ते सायकलचं कुलूप काढत म्हणाले.

"मी नाही येणार सोमवारी."

"नको येऊस. साहेब म्हणेल, यांची पोरं टिकत नाहीत. पुढच्याला आत बोलावणारच नाही. ते त्या पोराच्या आईला तू सांगायचं, बाबा. मी नाही सांगणार."

त्या रविवारी मी विहारात गेलो नाही. सोमवारी रुजू झालो. साहेब पॅसेजमध्ये समोर आले, ओळखीचं हसले. मी नमस्कार केला नाही. त्या दिवशी तेवढंच माझ्या हातात होतं.