उंबरकडेन्सिस

"मावशी, कुंडी धरून तिकडं कडेला उभ्या राहा. पाहुण्यांच्या मध्ये येऊ नका."

मंचरच्या बाजूला असलेल्या आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये वनस्पतिशास्त्राचे सर माझ्या आईला असं म्हणाले. हेच सर दोन पावसाळे आमच्या चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी मागून मागून खात होते. तेव्हा तिला 'आई' म्हणायचे.

कुंडीतला कंद आमच्या उंबरकडा वाडीच्या डोंगरातला. शास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नसलेला. आमच्या वाडीत देवीला दाखवल्याशिवाय तो कुणी उपटत नाही. सरांना फुलावर असतानाच हवा होता, आणि पूजेला अजून अवकाश होता. आईनं उपटून दिला. त्या पावसात वाडीत कुणाला नुसता ताप आला तरी बोट आईकडं. तिनं सगळं सोसलं, कारण सरांनी शब्द दिला होता. झाडाला वाडीचं नाव मिळणार.

मी त्यांचीच विद्यार्थिनी. लॅटिनमध्ये गावाच्या नावाला 'एन्सिस' लावलं की 'त्या गावचा' असं विशेषण होतं, हे त्यांनीच शिकवलं. नाम नपुंसकलिंगी असलं तर 'एन्से'. आपलं चांगला, चांगली, चांगलं, तसलाच प्रकार. भात लावताना मी मोठ्यानं म्हणायचे, "उंबरकडेन्सिस!" आई लई खूश व्हायची.

झाडाच्या नव्या नावाच्या फलकावरचा पडदा सरकला. टाळ्या. फलकावर सरांच्या पीएच.डी.च्या गाईडचं आडनाव, त्याला 'इआना' जोडलेलं. तेही विशेषणच. माणसाच्या नावाचं.

आईला वाचता येत नाही. तिनं हळूच विचारलं, "आपल्या वाडीचं नाव कुठं हाय गं?"

"न्हाई आई. घातलंच न्हाई."

आई कुंडी तशीच धरून उभी राहिली. या माणसावर मी देवासारखा विश्वास ठेवला होता.

मी सरांना गाठलं. ते हसले. "अगं, एक विशेषण ते! एवढं काय मनाला लावून घेतेस? पुढच्या पावसात दुसरं झाड दाखव, त्याला देऊ वाडीचं नाव."

छापलेलं नाव असं मनात आलं म्हणून बदलता येत नाही. हेही सरांनीच शिकवलेलं.

"न्हाई दाखवणार," मी म्हणाले. आईच्या हातातली कुंडी घेतली. फोटोवाला थांबा थांबा म्हणत होता. आम्ही थांबलो नाही.

वाडीला सगळं खरं सांगितलं. बोलणी खाल्ली. सरांचे फोन अजून येतात, वरच्या कड्याची वाट विचारतात. कुणी सांगत नाही. झाडाचं वर्णन कसं लिहायचं, कुठं पाठवायचं, ते मी शिकतेय. पुढच्या झाडाला नाव मी देणार. सरांना ते छापून आल्यावर कळेल.