ठकीचा लाल कोट

माझी थोरली बहीण कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कमरेत घट्ट झालेलं सैल करून द्यायचं आणि वर 'कापडच आटलं हो' म्हणून गिऱ्हाइकाची अब्रू राखायची, हे ती रस्त्याकडेच्या एका खोलीत गेली चाळीस वर्षं करतेय. नाताळची सजावट विकत आणणं तिला मंजूर नाही. "घरात कातर असताना बाजारातून तारे आणायचे? लोक हसतील," म्हणते. लोकांना हसायला एवढा वेळ कुठे असतो, पण मी वाद घालत नाही. दरवर्षी नाताळच्या आधी आठवडाभर मदतीला येते आणि निमूट शिवते.

कापून उरलेल्या पट्ट्यांच्या माळा होतात. जुन्या पडद्याची छोटी झाडं होतात, त्यांत चिंध्या भरायच्या. आणि लोक दुरुस्तीला टाकून विसरतात ते कपडे दारामागच्या दांडीवर तीन वर्षं वाट बघतात. तीन वर्षांत कुणी आलं नाही, की कातर लागते.

यंदा हिरवं ढीगभर होतं, लाल औषधालाही नव्हतं. ताई कुणाच्या तरी पडद्यांची मापं घ्यायला गेली होती. मी दांडी धुंडाळली आणि अगदी भिंतीलगत एक लाल लोकरी कोट सापडला. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर सहा वर्षांपूर्वीची तारीख आणि 'बाही अर्धा इंच कमी' एवढंच. नाव नाही. ताईची नजर आता अधू झाली म्हणायची, असं मनाशी म्हणत मी कोट कापायला घेतला. कातर हातात आली की मला धीर नसतो. ती परत येईपर्यंत पाठीचे सात तारे कापून झाले होते.

ती दारातच थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली वाकून तिने एक बाही उचलली आणि तिची दुमड अंगठ्याने चाचपली.

"त्याच संध्याकाळी करून ठेवली होती गं," ती म्हणाली. "ठकीचा होता तो."

ठकी म्हणजे तिची एकुलती एक लेक. तिला शिवणकाम नको होतं, दूरच्या शहरातली नोकरी हवी होती. "जायचं तर जा, पण मग रडत परत येऊ नकोस," असं ताई बोलून गेली. लेक आईवर गेलेली. गेली ती गेलीच. सहा नाताळ झाले.

"मग चिठ्ठीवर नाव नको लिहायला?" मीच चढ्या आवाजात विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा!

"माझ्याच पोरीचं नाव लिहायचं?" ताई मशीनपाशी बसली. तिने बाही मांडीवर पसरली. मग म्हणाली, "आता ती काय न्यायला येईल गं?"

दोन दिवस आम्ही त्या कोटाचेच तारे शिवले, कापलेलं कापड पुन्हा जोडता थोडंच येतं! हट्टी म्हणून मी तिला इतकी वर्षं नावं ठेवली, आणि ही बाई दर आठवड्याला त्या कोटावरची धूळ झटकत होती, हे शिवता शिवता तिच्याच तोंडून कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. ठकी माझ्याशी अधूनमधून बोलते, आईचा विषय तेवढा टाळते. मी फोन लावला आणि सरळ सांगून टाकलं, "तुझा लाल कोट मी कापला."

"अजून होता?"

"होता. तू विसरून गेलीस तेव्हापासून."

"विसरले नव्हते, मावशी. बाही चांगली बसत होती मला. निघताना मुद्दाम टाकला दुरुस्तीला. म्हटलं, झाला की आई फोन करेल."

"अगं, ती कधी कुणाला फोन करते का? ज्याला गरज असेल तो येईल, म्हणते."

"ते गिऱ्हाइकांना. मी गिऱ्हाईक होते का?"

ताई स्टुलावर चढून खिडकीत माळ अडकवत होती, ओठांत टाचण्या धरून. मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "ठकी आहे. तुझ्या फोनची वाट बघतेय. सहा वर्षं."

ताईने एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या उशीत खोचली. एक टाचणी खाली पडली तरी तिने पाहिलं नाही. खिडकीत त्या कोटाचे एकोणीस तारे लटकत होते. त्यांच्याकडे बघतच तिने फोन कानाला लावला.

"ठके," ती म्हणाली, "तुझा कोट झालाय. कधी येतेस?"