कुस्तोदियाचे लाल बाण

शेजारची कुस्तोदिया माझ्याकडे कॉफी प्यायला आली की आधी कपाच्या कडेवरून बोट फिरवते. टवका लागला तर एप्रनच्या खिशातून एक छोटा लाल कागदी बाण काढते आणि त्याचं टोक बरोबर टवक्याकडे करून चिकटवते. माझ्या स्वयंपाकघरातल्या पडद्यावर असे दोन बाण आहेत, एक फ्रिजच्या दारावर आहे. मी ते काढत नाही. काढले तर ती नवे लावते, आणि वर म्हणते, "दोष लपवायची सवय वाईट गं, ओलिंदा."

आमच्या या खोऱ्यात निम्म्या बायकांचं आयुष्य कापडात गेलं. कुस्तोदियाचं शेवटच्या टेबलावर गेलं. कोवळ्या वयात ती कारखान्यात शर्टांचे लोंबते दोरे तोडायला बसली, आणि पुढे तपासणीला गेली. शिवून आलेला प्रत्येक कपडा उलटा करायचा, प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायची, दोष दिसला की बाण. "चांगलाच असेल म्हणून हातात घेतलं की काही दिसत नाही," ती सांगते. "हा लबाड आहे, असंच धरून चालायचं. मग बोलतो तो."

कारखाना बंद पडला, बाणांची गुंडाळी तिच्याकडे राहिली, आणि संशयही. मासेवाली तराजूला अंगठा लावते. नवे पाद्री मिसेची प्रार्थना लवकर आटपतात, म्हणजे त्यांचं कुठेतरी काहीतरी आहे. नवरा बिचारा लक्झेंबर्गला बांधकामावर असतो, ऑगस्टमध्ये घरी येतो. एका वर्षी त्याच्या शर्टाचं एक बटण फुलीच्या टाक्याने लावलेलं निघालं. कुस्तोदिया बटण लावते ते दोन सरळ रेघांत. तिने त्याला ओट्यापाशी उभं केलं, सुईदोरा हातात दिला आणि म्हणाली, "लाव. माझ्यासमोर." त्याने घाम पुसत पुसत लावलं, फुलीनेच. तिचा विश्वास बसला. पण तो परत गेल्यावर मला म्हणाली, "शिकून आला असेल."

अशा बाईची मुलगी बेनिल्द. ती विद्यापीठात फॅशन डिझाइन आणि कपडे-उत्पादनाच्या पदवीला गेली तेव्हा कुस्तोदियाने तो अभ्यासक्रमसुद्धा उलटा करून, ताणून बघितला.

"तीन वर्षं? शिवायला?"

"फक्त शिवायला नाही, आई. चित्रं काढायची, पॅटर्न बनवायचे, कापड ओळखायचं, कारखाना कसा चालतो ते बघायचं."

"कसा चालतो ते मला विचार. बंद पडतो."

दुसऱ्या वर्षी बेनिल्दला एका कारखान्यात घड्याळ देऊन उभं केलं. कॉलर लावायला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. त्या दिवशी कुस्तोदिया जेवली नाही. "आमच्यामागे घड्याळ घेऊन उभा राहायचा त्याला आम्ही गिधाड म्हणायचो," ती म्हणाली. "आता माझ्या पोटचंच गिधाड." तरीही मुलगी परीक्षेला बसली की ही चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, आणि मेणबत्तीची वात सरळ आहे ना तेही बघून घ्यायची.

शेवटच्या वर्षाचं काम म्हणजे एक कोट. तो परीक्षकांसमोर मांडायचा. पास झाला तर पदवी, नाहीतर आणखी एक वर्ष. आणि नियम कडक होता. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत हात विद्यार्थ्याचाच हवा. शिवणाऱ्यांच्या गावात हा नियम लागतोच, कारण इथे प्रत्येकाची कुणीतरी मावशी मशीनवर बसलेली असते.

बेनिल्दने जाड तपकिरी लोकर घेतली, घोंगड्यासारखी. खालच्या गॅरेजमध्ये कुस्तोदियाचं जुनं ओव्हरलॉकचं मशीन आहे आणि एक लांब टेबल. तिथे तिचं काम चाले. कोट पांढऱ्या चादरीखाली टांगलेला असायचा. "परीक्षेच्या दिवशीच बघायचा," तिने आईला बजावलं. "आधी बघितलास तर तू बाण लावशील."

"मी कशाला बघते?" कुस्तोदिया म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की बघून झालेला आहे.

गॅरेजमध्ये आणखी एक जण यायचा. गास्पार, बेनिल्दच्या वर्गातला, कानात वाळी, लांबलचक हात. वसतिगृहात मशीन नव्हतं म्हणून आपला कोट शिवायला इथे यायचा. येताना कधी ब्रोआ, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव आणायचा. कुस्तोदिया पाव उलटा करून तळ बघायची आणि मग कापायची.

एका सकाळी ती माझ्या दारात आली ती कॉफीला नाही. दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि कपाकडे बघितलंही नाही.

"तो पोरगा माझ्या मुलीचा कोट उसवतोय."

"गास्पार?"

"मग कोण, पाद्री? परवा बघितलं तर खालची कड विस्कटलेली. काल बघितलं तर बाहीची. दोरे असे लोंबतायत, ओलिंदा, आमच्याकडे असा कपडा आला असता तर बाण पुरले नसते. तिच्या पाठीमागे ओढत असणार. जळतो."

"बेनिल्दला सांगितलंस?"

"सांगू कशी? मी बघितलाच नाहीये ना."

त्याच आठवड्यात बेनिल्द माझं भांडं परत द्यायला आली. कोबीच्या सूपचं भांडं धुऊन आणलं होतं, पण ते हातातच धरून उभी राहिली.

"ओलिंदा, एक विचारू? गॅरेजमध्ये कुणी जाताना दिसतं का तुम्हाला?"

"का गं?"

"माझ्या कोटाच्या कडांना कुणीतरी हात लावतंय. रोज संध्याकाळी बघते तर कुठेतरी दोरे छाटलेले." तिने आवाज खाली आणला. "गास्पारशिवाय तिथे येतं कोण? मला वाटायचं मित्र आहे. असंच चाललं तर मी प्रोफेसर लेओनोरना सांगणार. मग त्याचं काय व्हायचं ते होवो."

आता माझंही मन गढुळलं. आई म्हणते उसवतोय, मुलगी म्हणते छाटतोय. म्हणजे हा मुलगा दोन्ही करत असणार, असं मी धरून चालले. माझी ओट्याची खिडकी बरोबर गॅरेजवर उघडते. बटाटे सोलता सोलता मी नजर ठेवायला लागले. आणि दिसलंही. बेनिल्द वर गेली होती. गास्पारने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चादरीचं टोक उचललं, आणि खिशाच्या तोंडाशी वाकून बराच वेळ काहीतरी न्याहाळत राहिला. मग चादर सोडून दिली आणि पँटला हात पुसले. सुरी माझ्या हातातच राहिली.

कोट सोमवारी मांडायचा होता. जूनमधला सांजावचा सण तोंडावर आलेला, गल्लीत कागदी पताका लागल्या होत्या आणि शेजारचे आतापासूनच सार्डिन मासे भाजत होते. रविवारी आम्ही मिसेला निघालो तर कुस्तोदिया म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. माझा गुडघा दुखतोय." कुस्तोदियाने मिसा चुकवली म्हणजे गुडघा खरंच दुखत असणार. मी तिला तेल लाव म्हणून सांगितलं.

परत येताना बेनिल्द आणि मी कोपऱ्यावर पोचलो तर गॅरेजमधून मशीनचा आवाज. ओव्हरलॉकचा. लांब, सलग, न थांबता.

बेनिल्दने माझा हात धरला. "आत आहे तो. आज सापडला."

ती धावली. मीही चपला सावरत मागे. आणि गॅरेजच्या दारापाशी, भिंतीला टेकून, हातात पावाची पिशवी घेऊन गास्पार उभा.

"दार आतून लावलंय," तो म्हणाला. "मी ठोकतोय कधीचा."

आतलं मशीन चालूच होतं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग बेनिल्दने आपल्या किल्लीने दार उघडलं.

मशीनवर कुस्तोदिया बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर तो तपकिरी कोट. शेवटची वीतभर कड उरली होती. आम्हाला बघूनही तिने पायाखालचा दाब सोडला नाही. ती वीतभर पुरी केली, दोरा तोडला आणि मगच मान वर केली.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "याच्या समोरच सांगते. बेनिल्द, हा तुझा कोट उसवतो. रोज. मी रोज लोंबते दोरे छाटून सुईने सावरत होते, आज सगळी कड पक्की केली. ओढ म्हणावं आता."

"मी?" गास्पार म्हणाला.

"तू नाही तर काय सार्डिनवाला?"

बेनिल्द कोटापर्यंत गेली. खालची कड तिने हातात घेतली. सरळ, घट्ट, एकसारखी शिवण. ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवता पात्याने बाहेरचं कापड छाटत जातं. खाली जमिनीवर तपकिरी झालर कापलेली पडली होती, शेळीच्या केसांसारखी.

"आई," ती म्हणाली, "ते दोरे मी ओढत होते."

"काय?"

"मीच. एकेक आडवा दोरा काढून झालर करत होते. कोट तसाच आहे. कडा उघड्या, शिवणी बाहेरून. तेच माझं काम आहे. तीन महिने तेच करतेय मी."

कुस्तोदियाने कोटाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम!"

"तीन वर्षं शिकून?"

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं ते मी ओठांत दाबलं. गास्पार हळूच म्हणाला, "मला वेगळंच वाटत होतं. त्या खिशाच्या तोंडाला मी बारीक टाके बघितले. इतके बारीक टाके आपल्या वर्गात कुणाला येत नाहीत. मला वाटलं, बेनिल्द कुणाकडून तरी करून घेतेय. सांगावं की नाही कळत नव्हतं."

"आणि मी तुझं नाव प्रोफेसरांना सांगणार होते," बेनिल्द म्हणाली. "उद्याच."

गास्पारने पावाची पिशवी टेबलावर ठेवली, आणि बराच वेळ ती नीट उभी राहील अशी सारखी करत बसला.

दुसऱ्याच्या चुकीवर कुस्तोदिया बाण लावते. मुलीच्या चुकीवर तिला बाण लाववेना, म्हणून गुपचूप सुई चालवली. एवढंच झालं होतं. पण कोट तर गेला होता. छाटलेलं कापड परत जोडता येत नाही.

बेनिल्द खाली बसली आणि तोंड ओंजळीत धरलं. मग उठली, खडू घेतला, शिवणीच्या वर रेघ मारली आणि कात्री चालवली. कोट गुडघ्यावर आला. नव्या कडेतून सुईच्या टोकाने पहिला आडवा दोरा काढला, मग दुसरा.

"दे इकडे," कुस्तोदिया म्हणाली. "दोघी मिळून पटकन होईल."

"हात लावायचा नाही. कुणीच नाही. नियम आहे."

"मी फक्त धरते."

"आई. बस."

कुस्तोदिया बसली. दोन्ही तळहात मांडीखाली घालून बसली, नाहीतर ते उठले असते. दुपारभर तिच्या डोळ्यांसमोर मुलगी एक धडधाकट कापड विस्कटत होती आणि तिला बोट लावायची बंदी होती. मध्येच म्हणाली, "डावीकडे कमी झालंय." मुलीने वाकून बघितलं. खरंच कमी झालं होतं. गास्पारने पाव कापला, मी घरून सूप आणलं, कोटाला वास लागू नये म्हणून आम्ही ते अंगणात उभ्याउभ्याच प्यालो.

सोमवारी घरचे लोक मागच्या बाकांवर. प्रोफेसर लेओनोरनी कोट फिरवून बघितला, कडा बघितल्या, मान हलवली. मग बोट खिशाच्या तोंडाशी थांबलं. गडबडीत तेवढ्या एका खिशाचे टाके उसवायचे बेनिल्दच्या ध्यानातून निसटले होते.

"हे टाके?" त्यांनी विचारलं. "हा दुसरा हात वाटतो."

माझ्या शेजारी कुस्तोदिया बाकावर पुढे सरकली. "म्हण की तूच केलेत," ती पुटपुटली. "म्हण ना. कोण उलटून बघणार आहे?"

"माझ्या आईचे आहेत," बेनिल्द म्हणाली. "मला न विचारता घातलेले. तो खिसा धरू नका. बाकी सगळं माझं आहे, हवं तर इथे करून दाखवते."

लेओनोरनी तिला एक तुकडा दिला आणि सुई दिली. बेनिल्दने सगळ्यांसमोर कड सोडवून दाखवली. त्या तिच्या बोटांकडे बघत राहिल्या, आणि मला कुस्तोदियाच्या ओट्यापाशी बटण लावणारा तो घामाघूम नवरा आठवला.

पास झाली. वीसपैकी तेरा. खिशाचे कापले असणार.

बाहेर पायऱ्यांवर कुस्तोदियाने मागे वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या बाईच्या जाकिटाचं बटण लोंबत होतं. स्वतःचं धड नाही आणि दुसऱ्याचे खिसे तपासते. मनात काहीतरी असणार तिच्या."

"तू पण तेच करतेस, आई," बेनिल्द म्हणाली, पण हात आईच्या हातात अडकवूनच.

गास्पार मागून आला. त्याला पंधरा मिळाले होते. बेनिल्द त्याच्याशी बोलताना अजून थोडी अवघडत होती, आणि तोही. त्याच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. कुस्तोदियाला तो दिसला. तिचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला, पण आज अंगावर एप्रन नव्हता, तरी पर्समधून एक बोटभर कात्री निघालीच. आणि कुस्तोदिया तिथेच थांबली.

"ए पोरा," ती म्हणाली. "हा मुद्दाम आहे का?"

गास्पारने बाही वर करून बघितली. "नाही, दोना कुस्तोदिया. हा निघालाय."

"नक्की?"

"नक्की."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, खोटं बोलतोय का ते. मग दोरा तोडला.