पाण्याच्या दिवशी महाडला

वैजयंती हत्तुरे यांनी एकतीस वर्षांत महाडचं चवदार तळं शंभरेक वेळा काढलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. काढलं होतं म्हणजे फळ्यावर. आठवीचा इतिहास, निळ्या खडूनं पाणी, पांढऱ्यानं पायऱ्या आणि कोपऱ्यात मान खाली घालून पाणी पिणारी एक गाय. ती गाय बाईंना फार महत्त्वाची.

"गाय प्यायली तर चालत होतं. माणूस प्यायला तर नाही. कळलं?"

"मॅडम, ती शेळी आहे ना?"

"गाय आहे. बस खाली."

दर साली शाळेच्या सहलीत महाडचं नाव निघायचं आणि दर साली बाई मागं राहायच्या. कारण एकच. त्या जुळे सोलापुरात राहत होत्या आणि तिथं पाणी पाचव्या दिवशी यायचं. बाकीच्या जगात सोमवार, मंगळवार असतात. सोलापुरात त्यांच्या जोडीला पाण्याचा दिवस असतो. लग्नाची तारीख भटजी काढून देतात खरी, पण ती पाण्याच्या दिवसावर येते का, हे बायका आधी बघून घेतात.

बाईंचे यजमान गुरुलिंग डेअरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं देवमाणूस. पण देवाला हौद भरता येत नसतो. बारा वर्षांपूर्वी बाईंनी एकदा विश्वासानं पाणी त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांनी सुरुवातीचं लाल गढूळ पाणी सगळं हौदात घेतलं आणि चांगलं पाणी यायला लागल्यावर, "भरला की हौद," म्हणत कॉक बंद केला. तेव्हापासून बाईंचं एक वाक्य घरात कायमचं झालं : "अहो, तुम्ही राहू द्या."

येत्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. ही शेवटची सहल. आत्ता नाही तर कधीच नाही.

"पालकांचं मत वॉटर पार्कला आहे हो, मॅडम," मुख्याध्यापक कुंडलिक सर मीटिंगमध्ये म्हणाले.

"सर, सोलापूरच्या पोरांना पाण्यात उड्या मारायला एवढ्या लांब नेणार. आणि घोटभर पाण्यासाठी माणसं कुठं चालत गेली, ते नाही दाखवणार?"

"तसं नाही. पण तळ्यात स्लाइड नाही ना."

"पायऱ्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्या उतरायला लोकांनी मार खाल्लाय."

सरांनी चष्मा पुसला आणि महाड लिहिलं.

बाईंनी कॅलेंडर घेऊन तारखा अशा बसवल्या की पंचांगवाल्यानं शिष्य व्हावं. अकराला पाणी. बारा-तेरा सहल. सोळाला पुन्हा पाणी. मध्ये बोट घालायला जागा नाही. आणि दहा तारखेला कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली. मोबाइलवर निरोप आला : पाणी दोन दिवस पुढं. म्हणजे तेराला. म्हणजे बाई नेमक्या तळ्यावर असतील तेव्हा.

बाई भरलेल्या बॅगेवर मटकन बसल्या. "राहू दे. नशिबातच नाही."

त्यांच्या सासूबाई शिवबाई, वय ब्याऐंशी, लसूण सोलत होत्या. "जा तू. मी हाय की."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडग्यानं भरत्यात व्हय पाणी?"

"आणि मी पण आहे," गुरुलिंग म्हणाले. दोघींनी एकाच वेळी त्यांच्याकडं बघितलं. ते पेपर वाचायला लागले.

बाईंनी पाणी भरायची सगळी रीत वहीच्या पानावर लिहून फ्रीजवर चिकटवली आणि बाराला पहाटे एसटीत बसल्या.

पुण्याच्या अलीकडं एका हॉटेलवर गाडी थांबली. तिथं अंगणात एक नळ नुसताच वाहत होता. बेचाळीस पोरं शौचालयाकडं निघाली होती, ती जागच्या जागी थबकली. मग कुणी काही न बोलता रांग लागली. बाटल्या भरल्या, रिकामे डबे भरले, कुंडलिक सरांचा चहाचा थर्मास भरला. हॉटेलवाला गल्ल्यावरून धावत आला.

"कुठल्या दुष्काळातनं आलाय रे?"

"दुष्काळ नाही काका," आठवीतली आरोही डब्याचं झाकण लावत म्हणाली, "जुळे सोलापूर."

त्या दिवशी पुण्यात फुले वाडा बघितला. तिथं बाई अस्पृश्यांसाठी खुल्या केलेल्या हौदाविषयी इतकं बोलल्या की सरांनी दोनदा घड्याळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी घाट उतरून दुपारी गाडी महाडात शिरली.

तळं घरांच्या मधोमध होतं. बाईंना वाटलं होतं, लांबून दिसेल, मग हळूहळू जवळ येईल. तसं काही नाही. रिक्षा, दुकानं, वळण आणि एकदम समोर पाणी. काठोकाठ.

"मॅडम, तुमच्या फळ्यावर लहान होतं."

"फळाच तेवढा होता."

"इथं पाणी कितव्या दिवशी येतं, मॅडम?"

"ते येत नाही गं. ते असतं."

असतं, हे पोरांना नवीन होतं.

बाईंनी पोरांना पायऱ्यांवर बसवलं. एकतीस वर्षांचं भाषण गळ्याशी आलं. "मुलांनो, एकोणीसशे सत्तावीस साली बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं..."

पर्समध्ये फोन वाजला. बाईंनी ऐकलाच नाही असं केलं.

"...हजारो माणसं इथं..."

पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तसा बाईंच्या संयमाचा बांध फुटला. फोन काढताना बोट कुठं लागलं कोण जाणे, स्पीकर चालू झाला.

"वैजू! पाणी येलालंय!" गुरुलिंगांचा आवाज तळ्यावर घुमला. "लाल येलालंय! आणि मोटर चालू होईना!"

"अहो, लाल पाणी हौदात घेऊ नका! फ्रीजवर लिहिलंय!"

"फ्रीजवर चष्मा लागतो. चष्मा सापडेना."

"काका," आरोही बाईंच्या खांद्यावरून ओरडली, "गेटजवळचा हौदाचा कॉक आडवा करा, लाल पाणी बाहेर सोडा! पाणी निवळलं की उभा!"

"आणि मोटरमध्ये वरनं तांब्याभर पाणी ओता!" मागून कुणीतरी. "हवा धरली असेल!" बेचाळीस पोरं, प्रत्येकाच्या घरी एक मोटर. सगळीच मिस्त्री. कुंडलिक सरसुद्धा हातानं कॉक फिरवून दाखवत होते, जणू गुरुलिंगांना ते दिसतंय.

पलीकडं खडखड झाली, घरघर झाली आणि मोटरनं पाणी धरलं. तळ्यावर टाळ्या पडल्या. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. एकतीस वर्षं जपलेला तास, त्याचा नळदुरुस्तीचा वर्ग झाला.

"आता ठेवते," त्या पडल्या आवाजात म्हणाल्या.

"थांब!" हा शिवबाईंचा आवाज. "पोचलीस का तळ्यावर? कसलं तळं म्हनं ते?"

"आई, घरी आल्यावर सांगते."

"आत्ता सांग की. मी हौदापाशीच बसलीय."

बाईंनी थोडक्यात सांगितलं. तेच नेहमीचं. गाय चालत होती, माणूस चालत नव्हता.

फोनमध्ये नुसता हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला. मग शिवबाई म्हणाल्या, "आमच्या आडावर बी तसंच की."

"काय तसंच?"

"तानाबाई माज्या वयाची. खेळायला बरूबर, पान्याला न्हाई. ती उनात हुबी ऱ्हायची. मी वरनं वतायची, ती खाली घागर धरायची. एकदा माजी घागर तिच्या घागरीला शिवली. आईनं मला बडवलं. घागर राखंनं घासाय लावली, तीनदा. मी घासली. घागर चांगली हुती गं. तिला काय बी झालं नव्हतं."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, फळ्यावर शंभर तळी काढून झाली होती आणि घरात लसूण सोलणाऱ्या बाईला त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"आज्जी," आरोहीनं हळूच विचारलं, "मग तानाबाईचं काय झालं?"

"लगीन होऊन गेली कुटं तरी. मी इचारलं न्हाई. इचारायला पायजे हुतं." आणि लगेच आवाज चढला, "अरं गुरुलिंगा, टाकी वाहायलीया वर! बगतोस काय! वैजू, तू प्यालीस का ते पानी?"

"नाही अजून."

"मग पी की! एवड्या लांब गेलीस ते काय फोटू काडायला? पोट दुखलं तर वोवा हाय माज्याकडं."

फोन कट झाला.

बाईंनी तो आरोहीच्या हातात दिला, पदर खोचला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

"मॅडम, पाणी हिरवट आहे," कुंडलिक सर कळवळले. "पोरं नको हं. पालक मला..."

"पोरं नाही, सर. मी."

शेवटच्या पायरीवर त्या बसल्या. ओंजळ भरली. वर बेचाळीस पोरं माना लांब करून बघत होती.

"मॅडम, कसं लागतंय?"

"शेवाळासारखं," बाई म्हणाल्या आणि दुसरी ओंजळ भरली.