बालाघाटची

जयवंता पंधराव्या वर्षी पातूरच्या घाटावरच्या गावातून दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात सून म्हणून आली. पहिल्याच आठवड्यात तिची तुरीची डाळ शिजली नाही. दोष विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा, पण सासू चारचौघांत म्हणाली, "बालाघाटचीच ते." गावात तिचं तेच नाव पडलं. जयवंताला वाटायचं, बालाघाट म्हणजे रानटी, अडाणी असं काहीतरी. माहेरी हा शब्द तिनं ऐकला नव्हता. तिथले लोक आपल्या गावाला नुसतं गावच म्हणत. कुणाला विचारायची लाज वाटली, आणि बघता बघता चाळीस वर्षं निघून गेली.

सासू गेली, नवरा गेला. लागोपाठ तीन वर्षं कपाशी बुडाल्यावर, दोन हजार सहा साली, मुलगा कुलदीप वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन पुण्याला कंपनीत लागला. गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागली. जयवंता दिवसदिवस कुणाशी बोलत नसे.

कुलदीप दिवाळीला येणार म्हणून तिनं नबी पिंजाऱ्याला गादी भरायला बोलावलं. अंगणात कापूस पिंजता पिंजता त्यानं तिचं माहेर विचारलं.

"आमी बालाघाटचे. अडानी," ती पुटपुटली.

नबीनं हात थांबवला. "अडानी कावून, बाई? बाला म्हंजे वर. घाटावरचा मुलुख तो बालाघाट. पाईन म्हंजे खाली, तं हा पूर्नेकाठचा आपला पाईनघाट. फारसी शब्द हायेत. माह्या आजाच्या कागदात तसेच लिवले हायेत."

"वर म्हंजे नुसतं वर?"

"नुसतं वर."

गादी शिवून नबी पुढच्या गावाला गेला. संध्याकाळी जयवंता फाट्यावरच्या एसटीडीवर गेली आणि कुलदीपला फोन लावला. तो आधी म्हणाला की सुट्टी मिळत नाही. मग तिनं त्याला ही गोष्ट सांगितली.

"आजीले जाऊन दहा वर्सं झाली, आई. आता तिचं काय घेऊन बसली?"

"तिचं नाही रे. मले वाटे, ते शिवी हाय."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली. नंतर करतो म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती बाकावर बसून राहिली. दर्यापूरला जाणाऱ्या दोन जीपा भरून गेल्या. शेजारची नवी सून आरती तिकडून आलेल्या जीपमधून उतरून तिच्यासमोरून गेली. हाक मारावीशी वाटली, पण सांगायला सुरुवात कुठून करावी ते जयवंताला सुचेना, तोवर पोरगी वळणापलीकडे गेली होती.