मागच्या बाकावर दोघी

मी तापट आहे, हे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मला पंच केलं, कारण कमिटीत एक बाई हवी असं ठरलं आणि बाकीच्या सगळ्या जणींनी घरचं कारण पुढं केलं. कुपवाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं ट्रकवाल्यांशी आणि ठेकेदारांशी भांडत आले आहे. चार पंचांची मला काय भीती वाटणार? हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी आवाज चढवला तर कुणी दचकायला नको.

आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत मुलामुलीचं नाव वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा, असं पाळकसाहेब सांगतात. आजवर कुणी हरकत घेतलेली मला आठवत नाही. तेवढ्या वेळात लोक घड्याळ बघून घेतात. गेल्या वर्षी तासगावहून आमच्या उपासनेला येणाऱ्या एका मुलीचं नाव दुसऱ्यांदा वाचून झालं आणि मंगळवारी पाळकसाहेबांच्या दारात निनावी पत्र पडलं. मुलीला आकडी येते, घरच्यांनी लपवलं आहे, असं त्यात होतं. तसंच पत्र साताऱ्याला मुलाच्या घरीही गेलं होतं. तिसऱ्यांदा नाव वाचायची वेळच आली नाही. साताऱ्याच्या लोकांनी फोनवर लग्न मोडलं.

पाळकसाहेबांनी ते पत्र आम्हा पंचांपुढं ठेवलं आणि मी अक्षर ओळखलं. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना पाठांतरासाठी वचनांची कार्डं देतात. ती पंधरा वर्षं एकाच हातानं लिहिलेली असायची. पत्रात अक्षर तिरकं करायचा प्रयत्न केला होता, पण हात तोच होता, माझ्या मैत्रिणीचा. तिला मंडळीत लहानथोर सगळे टीचरच म्हणतात.

कमिटीत मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण आपल्या माणसाचं चुकलं तर आधी त्याच्याकडं एकट्यानं जायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सगळे ऐकतात आणि मग आधी शेजारणीकडं जातात. मी स्कूटर काढली आणि थेट तिच्या घरी गेले. ती भाजी निवडत होती.

"ते पत्र तू लिहिलंस," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली नाही. मेथीची जुडी हातात तशीच धरून बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडूजला तिच्या बहिणीची मुलगी आहे, तिच्यासाठी साताऱ्याचाच हा मुलगा मनात धरला होता. बोलणी व्हायच्या आधीच तासगावकरांचं ठरलं.

"आणि आकडीचं?"

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

मला माहीत होतं, म्हणून तर जास्त संताप आला. महिन्यातून एकदा आम्हा बायकांची प्रार्थनासभा असते. तिथं एकेक जण आपल्या घरचा विषय मांडते आणि बाकीच्या त्यासाठी प्रार्थना करतात. तीन महिन्यांपूर्वी त्या मुलीच्या आईनं डोळे पुसत सांगितलं होतं की लेकीला लहानपणी दोनदा आकडी आली होती, बारा वर्षं काही नाही, आता लग्न ठरतंय, तेवढं देवापुढं ठेवा. त्या दिवशी मोठ्यानं प्रार्थना टीचरनं केली होती. सुंदर केली होती.

"देवाला सांगितलेलं तू पोस्टात टाकलंस," मी ओरडले. "उद्या सकाळी पाळकसाहेबांकडं तू जायचंस. नाही गेलीस तर दहा वाजता मी जाणार."

ती गेली. नऊ वाजताच गेली.

पुढं कमिटीनं काय केलं ते सांगते. शब्बाथ शाळा काढून घेतली, वर्षभर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, बंद केलं. यावर माझी तक्रार नाही. एका मुलीचं लग्न मोडलं होतं, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्याच संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तिला काढलं. पुढच्या आठवड्यापासून तिच्या घरावरून जाणाऱ्या बायका रस्ता बदलू लागल्या. आणि गंमत म्हणजे सगळ्या एकमेकींना सांगत होत्या, टीचरसाठी प्रार्थना करा गं, तिनं काय केलंय माहीत आहे का? आणि मग अर्धा तास काय केलंय ते.

मी पुढच्या बैठकीत विचारलं, "तिच्या घरी कोण कोण जाऊन आलं?"

कुणीच नाही. आमचे सगळ्यात ज्येष्ठ पंच, मूळचे खेड्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आवं बाई, आपुन मूठभर मानसं. गावात कळलं तर लोक काय म्हनतील? जरा लांबच ऱ्हायलेलं बरं."

"गावाला कळेल म्हणून आपल्या माणसाला वाळीत टाकायचं? मग आपण इथं दर रविवारी क्षमेच्या गोष्टी कुणासाठी करतो, पंख्यासाठी?"

"तुमी तिची बाजू घ्याय लागलाय."

"बाजू नाही घेत. मीच तिला पकडलं. पण पडलेल्या माणसाला पडलाय हे सांगून घरी जायचं, एवढंच काम असेल तर त्याला पंच कशाला हवेत?"

त्यावर चहा आला. आमच्या कमिटीत अडचणीच्या जागी नेहमी चहा येतो.

मीही काही फार स्वच्छ नव्हते. त्या प्रार्थनासभेतून घरी आल्यावर मीसुद्धा नवऱ्याला ती आकडीची गोष्ट सांगितली होती, जेवता जेवता, भाजीत मीठ कमी आहे का विचारावं तशी. त्यानं कुणाला सांगितली नाही, हे माझं नशीब. माझ्यात आणि तिच्यात एका पाकिटाचं अंतर होतं. हे मी बायकांच्या पुढच्या सभेत उभी राहून सांगितलं आणि विचारलं, आणखी कुणी घरी नेलं होतं? खाली बघणाऱ्या माना मी मोजल्या नाहीत. वर राहिलेली मान एकही नव्हती.

तिकडं टीचरनं वडूजला बहिणीकडं कायमचं जायचं ठरवलं होतं. बॅगा भरल्या होत्या. मंडळी सोडते, चर्चचं नावही नको, म्हणाली. मला ठाऊक होतं, ती गेली तर परत येणार नाही.

"जा," मी म्हटलं. "पण आधी तासगावला चल."

"मला त्या माउलीपुढं उभं राहवणार नाही."

"तिला तरी लोकांपुढं कुठं उभं राहवतंय? तिच्या लेकीचं लग्न मोडलं. बस मागं."

तासगाव येईपर्यंत माझ्या खांद्यावरची तिची बोटं रुतत होती. मुलीची आई बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते, ती नुकतीच घरी आली होती. आम्हाला बघून तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या भागात याहून मोठा अपमान नाही, आणि आमची तेवढी लायकी होती.

टीचरनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बहिणीच्या मुलीचंही सांगितलं, ते मी सांगायला सांगितलं नव्हतं.

"टीचर," आई म्हणाली, "माजी लेक तुमच्या हाताखाली वचनं शिकली. तुमी प्रार्थना केली तवा मला वाटलं, आता काय भ्या न्हाई."

एवढं बोलून ती आत गेली. मग मुलगी बाहेर आली. शाळेत शिक्षिका आहे, पंचवीस-सव्वीसची. ती रडली नाही.

"साताऱ्याला जाऊन मी खरं सांगते," टीचर म्हणाली. "हात जोडते त्यांच्यापुढं."

"नको. आकडी येत असती तरी काय झालं असतं? त्यानं मला एकदा फोन करून विचारलंसुद्धा नाही. तो मला नको." मग ती थांबली. "पण माझी आई आता सभेला येत नाही. घरात एकटी प्रार्थना करते, तीही मनातल्या मनात. ते तुम्ही मोडलंय. ते नीट करा."

"कसं करू?"

"मला काय माहीत? वडूजला बसून होणार नाही एवढं नक्की."

परत येताना टीचर मागं बसून रडत होती आणि मी पुढं बसून शिव्या देत होते, रस्त्यातल्या खड्ड्यांना. बॅगा तिनं त्याच संध्याकाळी रिकाम्या केल्या.

तेव्हापासून ती दर रविवारी येते आणि शेवटच्या बाकावर बसते. मी तिच्या शेजारी. दर महिन्याला ती तासगावला जाते, एकटी, एसटीनं. कधी दार उघडतं, कधी नाही. मुलीची आई अजून सभेला आलेली नाही. मला कमिटीनं दोनदा सुनावलं की पंचांनी पुढं बसायची रीत आहे. काढा मला, म्हटलं. अजून काढलेलं नाही.

शिक्षेनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी ठरवूनच आले होते. तिला नाही तर मलाही नाही. लहान लहान प्याल्यांचं तबक घेऊन तेच ज्येष्ठ पंच आमच्या बाकापाशी आले. मी हात मांडीवर ठेवले. ते घुटमळले. पुढचे लोक वळून बघायला लागले आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. बघा म्हटलं.

तेवढ्यात टीचरनं माझ्या मनगटाला चिमटा काढला, चांगला जोरात.

"घे," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "आधीच तासगावची एक माउली माझ्यामुळं बाहेर बसलीय. तू दुसरी होऊ नकोस."

मी प्याला घेतला. डोळ्यांतलं पाणी आवरेना आणि रागही आवरेना. आपलं ताट बंद असताना ती दुसऱ्याच्या ताटाची काळजी करत होती. बाई परत आली होती. कमिटीला ते कळायला अजून अकरा महिने लागणार होते.